समई कोणाच्या घरची?

अलिबागहून मुरूडला जाताना रेवदंडा मागे टाकले की कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे, रेवदंड्याच्या कोटात, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून पोर्तुगीज चर्चचे पडके अवशेष उभे आहेत. त्यातल्या एका उंच मनोऱ्याला गावात सातखणी म्हणतात. खण आता सातही उरलेले नाहीत. पलीकडे, समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या पायथ्याशी कोर्लई. तिथला किल्लाही ओसच आहे, पण खाली गावात माणसे आहेत, चर्च आहे, आणि चर्चमध्ये दर रविवारी मिस्सा होते.

गेली वीस-बावीस वर्षे मी या दोन काठांमध्ये जमेल तसा हिंडतो आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि नोकरी हिशेब तपासण्याची; इतिहास आणि धर्म हे विषय मी रविवारी शिकलो. हे आधीच सांगतो, कारण या लेखात जी चूक दुरुस्त करायची आहे ती माझी स्वतःची आहे आणि ती पुस्तकांवर फार विसंबल्यामुळे झाली.

सात-आठ वर्षांपूर्वी एका वाचनालयात मी ‘मराठी ख्रिस्ती उपासनेतील देशी प्रतीके’ या विषयावर व्याख्यान दिले. व्याख्यान बरे झाले असे मला वाटले होते. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणापासून सुरुवात केली, रेव्हरंड टिळकांच्या भजनांवर अर्धा तास घेतला आणि शेवटी आजच्या चर्चमधल्या समईवर येऊन थांबलो. परका धर्म चारशे वर्षांत कसा आपला झाला, मेणबत्तीची समई कशी झाली, असा तो सगळा आनंदाचा प्रवास होता. चहाच्या वेळी एक निवृत्त शिक्षिका जवळ आल्या. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती. म्हणाल्या, “सर, तुम्ही समई समई म्हणालात, ती कोणाच्या घरची? आमच्या आजीकडे तर चिमणी होती, रॉकेलची.” त्या हसत म्हणाल्या, मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र माझ्या व्याख्यानातले बरेच काही सैल झाले होते.

आधी ही समई चर्चमध्ये आली कशी ते सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लॅटिनच्या जागी लोकभाषेत मिस्सा होण्याची वाट मोकळी झाली. पाठोपाठ १९६९ साली भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने परवानगी दिली. मिस्सेला जमिनीवर बसता येईल. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार करता येईल. पवित्र वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला बोटे लावून ती कपाळाला लावता येतील. मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, युरोपीय झग्याच्या जागी साधा अंगरखा आणि उपरणे. आणि फुले, धूप, दिवा घेऊन आरती. कागदावर वाचताना ही यादी फार सुंदर वाटते. या सगळ्यामागे बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्रातले फादर अमलोरपवदास यांच्यासारख्यांची मोठी मेहनत होती, आणि त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला मला कोणतेही कारण दिसत नाही.

शंका वेगळी आहे. या यादीतला ‘भारत’ कोणता? तो दिसतो देवळातला, मठातला, संस्कृत जाणणारा. याच बंगळूर शहरातल्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात १९८१ साली अरविंद निर्मळ यांनी एका भाषणात हा प्रश्न उघडपणे विचारला. पुढे ज्याला दलित धर्मचिंतन म्हटले जाऊ लागले त्याची सुरुवात बहुतेक अभ्यासक या भाषणापासून धरतात. भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी वेदान्ताशी संवाद केला, उपनिषदांशी केला. पण चर्चमध्ये बसलेली बहुसंख्य माणसे ज्या वस्त्यांमधून आली त्या वस्त्यांशी केला नाही, हा त्या मांडणीचा गाभा. नगर, जालना, औरंगाबाद या भागांतल्या चर्चमध्ये बहुसंख्य कुटुंबे पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजातली आहेत. त्यांच्या पणजोबांना ज्या गाभाऱ्यात पाऊल टाकता येत नव्हते त्या गाभाऱ्यातली उपकरणे ‘तुमची संस्कृती’ म्हणून त्यांच्या हाती दिली गेली. शिक्षिकाबाईंच्या प्रश्नामागे हे सगळे होते. मला ते नंतर कळले.

तरी समईवर एवढ्यावरच निकाल देऊ नये. आमच्या किनाऱ्यावर समई आगरी घरात आहे, कोळी घरात आहे. ती एका जातीची मालमत्ता कधीच नव्हती. आणि ज्याला ती लावू दिली नाही त्याने ती स्वतःच्या प्रार्थनाघरात स्वतःच्या हाताने लावली तर तो विटाळाच्या कल्पनेवरचा विजयही ठरू शकतो. म्हणून आता मी समई कुठल्या संस्कृतीतली यापेक्षा ती लावतो कोण हे पाहतो. अनेक कार्यक्रमांत ती प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते लागते, फोटो निघतो आणि पंख्याने विझते.

या दृष्टीने मी माझ्या व्याख्यानातले तिन्ही नायक पुन्हा वाचले.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधल्या विल्टशरचा जेझुइट. १५७९ साली तो गोव्याला आला आणि तिथेच १६१९ मध्ये वारला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, पहिल्यात जुना करार आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. त्यातले मराठीचे गुणगान आपण शाळेपासून ऐकत आलो, आणि त्या कौतुकाने आपले त्या ग्रंथाचे वाचन बहुतेक तिथेच संपते. मला त्याहून मोलाचा वाटतो तो ग्रंथारंभीचा प्रसंग. बाटलेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की जुनी पुराणे आम्हाला वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला काही द्या. स्टीफन्सने हा प्रसंग प्रामाणिकपणे नोंदवला आहे. मागणी रिकामी झालेली जागा भरण्याची आहे, आणि ती जागा ज्यांनी रिकामी केली त्यांच्याकडेच केलेली आहे. स्टीफन्सने ती भरली, आणि अशी भरली की पुढे कितीतरी वर्षे हे पुराण गोव्यातल्या चर्चमध्ये वाचले जाई. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द घ्यायला तो कचरला नाही. विष्णूला घराबाहेर काढून घराची पाटी मात्र तीच ठेवली, असे कोणी म्हणेल. मी ते साफ नाकारणार नाही. पण ओवी ज्ञानेश्वरीतली असली तरी जात्यावरचीही आहे. म्हणून मागणी ब्राह्मणाची असली तरी ग्रंथ पोथी ऐकणाऱ्या सगळ्यांपर्यंत गेला असावा. इथे माझे जुने मत मी बदललेले नाही, फक्त त्याला ती पहिली मागणी जोडली आहे.

टिळकांबद्दलचे मत उलट पक्के झाले. १८६१ साली कोकणात करजगावला जन्मलेल्या आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने ख्रिस्ताकडे जाणारा आपला पूल तुकाराम होता असे सांगितले. त्याच्यापुढे मिशनऱ्यांची भाषांतरित गीते होती. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबलेली, जी गाताना ऱ्हस्वाचे दीर्घ होते आणि जिभेला ठेच लागते. टिळकांनी अभंग लिहिले. अभंगाला टाळ पुरतो, मृदंग मिळाला तर उत्तम, आणि धर्मगुरू नसला तरी चालते. मला वाटते त्यांच्या यशाचे अर्धे कारण हेच आहे. वारकऱ्यांचा फड हा मराठी मुलखातला तुलनेने सर्वांत मोकळा अंगण. चोखोबाला पायरीशी थांबावे लागले हे खरे, पण अभंग त्याचाही होता. म्हणून टिळकांची भजने नगरकडच्या खेड्यांत आजही सहज गायली जातात, आणि गाणाऱ्याला आपण ‘भारतीय संस्कृती’ जपतो आहोत असे एकदाही वाटत नाही. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांनाही बसू दिले. पण दोन वर्षांत ते गेले आणि तो प्रयोग अर्धाच राहिला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना आठवेल की त्यांच्या बाबतीत धर्माचा खरा पेच उपासनेच्या वेदीपाशी पडला नव्हता. तो सोवळ्याचा, स्वयंपाकाचा आणि पाण्याचा होता. प्रतीकांवर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींच्या नजरेतून स्वयंपाकघर फार लवकर सुटते.

तिसरा नायक आंजेलो दा फोन्सेका. १९०२ साली गोव्यात जन्मलेला, शांतिनिकेतनात शिकलेला चित्रकार. त्याने मरियेला साडी नेसवली, युरोपीय निळा झगा उतरवला, संतांना आपल्याकडची अंगकाठी आणि आपल्याकडची बैठक दिली. गोव्यातल्या त्याच्याच समाजाला ते रुचले नाही आणि तो पुण्याला आला. जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात त्याला आसरा मिळाला, आणि १९६७ साली मरेपर्यंत तो पुण्यातच राहिला. व्याख्यानात मी या प्रसंगाला ‘समाजाचे मागासलेपण’ म्हटले होते. आज तो शब्द मी मागे घेतो. पोर्तुगीज अमलाखाली राहणाऱ्या गोवेकर ख्रिस्ती माणसासाठी झग्यातली मरिया ही आजीच्या देव्हाऱ्यातली मरिया होती. तिच्यापुढे तीन-चारशे वर्षे नवस बोलले गेले, मुले वाचली, माणसे समुद्रावरून परत आली. ती परकी आहे हे त्यांना प्रथम एका सुशिक्षित चित्रकाराने सांगितले. फोन्सेकाची चित्रे मला आवडतात. रंगांची मऊ धुंद आणि चेहऱ्यांवरचा संकोच फार थोड्या भारतीय धार्मिक चित्रांत दिसतो. पण ती भक्ताने मागितलेली नव्हती, हे त्यांच्याबद्दल बोलताना म्हटले पाहिजे.

हा पेच आपल्याच मुलखाचा नाही. कोरियात तो अधिक तीव्रतेने दिसतो. तिथे १७९१ साली युन जी-चुंग या ख्रिस्ती झालेल्या विद्वानाने आई वारल्यावर पूर्वजांचे विधी केले नाहीत, त्यांच्या नावाच्या पाट्या जाळल्या, आणि त्याला देहदंड झाला. रोमने ते विधी निषिद्ध ठरवले होते. ती बंदी सैल व्हायला १९३९ साल उजाडले. दरम्यान गांगह्वा बेटावर अँग्लिकन मिशनऱ्यांनी १९०० साली चर्च बांधले. बाहेरून कोरियन कौलारू देवळासारखे, आत लांबट युरोपीय सभामंडप. ते आजही उभे आहे. कोरियन युद्धाच्या धामधुमीत, १९५२-५३ मध्ये, किम की-चांग या चित्रकाराने येशूचे चरित्र तीस चित्रांत रंगवले. येशू पांढऱ्या कोरियन वेशात, डोक्यावर घोड्याच्या केसांची काळी उंच टोपी. चित्रे विलक्षण आहेत. पण ती टोपी जुन्या कोरियातल्या विद्वान उमराव वर्गाची. सुताराचा मुलगा देशी झाला तेव्हा तो थेट वरच्या वर्गात जाऊन बसला. १९७० च्या दशकात तिथल्या ‘मिनजुंग’ म्हणजे सामान्यजनांच्या धर्मचिंतनाने वेगळी वाट धरली, ती निर्मळांच्या प्रश्नापासून फार लांब नाही.

मग देशीकरण खाली, माणसांच्या हातून, होते तेव्हा ते कसे दिसते? त्याचा एक चांगला पुरावा विरोधकांनी लिहून ठेवला आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली एक जाहीरनामा काढून ख्रिस्ती झालेल्यांना काय काय करता येणार नाही याची मोठी यादी दिली. लग्नात पान-विडा देणे, हळद लावणे, दारात तुळस लावणे, धोतर नेसणे, चोळी घालणे. मनाईची यादी ही खरे तर लोक काय करत होते याची यादी असते. बाप्तिस्म्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या या बायकांनी हळद आणि तुळस सोडलेली नव्हती, आणि त्यासाठी कोणा पंडिताची परवानगी काढली नव्हती. पुढे तीनच वर्षांनी चिमाजी आप्पाने वसई घेतली आणि १७४० मध्ये चौल-कोर्लईही पोर्तुगीजांच्या हातून गेले. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती समाजात, ज्यांनी पुढे स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेतले त्यांच्यात, लग्नाची हळद आणि उंबराचं पाणी टिकले. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा आगेरा टिकला. वसईच्या घंटांची उलटी गोष्टही सांगण्याजोगी आहे. त्या मराठ्यांनी उतरवल्या आणि देवळांत टांगल्या. पालीच्या बल्लाळेश्वराला तशी एक आहे, नाशिकच्या नारोशंकराला आहे. कोणत्याही परिषदेत चर्चा झाली नाही. घंटा वाजते, भक्त हात जोडतो.

आता कोर्लई. माझ्या व्याख्यानात ते नव्हते, आणि माझी खरी चूक तीच होती. घरापासून इतक्या जवळचे गाव मी ‘भाषाशास्त्राचा विषय’ म्हणून बाजूला ठेवले होते. इथले ख्रिस्ती घरात जी भाषा बोलतात तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज मुळाचे, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. पोर्तुगीज गेल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. बोलणारे हजाराच्या आसपास. आणि आजूबाजूला सगळीकडे मराठी. परका धर्म आणि इथली माती यांचे मिश्रण कसे होते हे पाहायचे तर याहून जिवंत नमुना या किनाऱ्यावर नाही. कोणी योजलेले नाही, कोणी मंजूर केलेले नाही.

आणि या गावात देशीकरण कसे पोहोचले? मराठी मिस्सेच्या रूपाने. व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा म्हणून इथे मराठी आली. जिल्हा मराठी, राज्य मराठी, तेव्हा ते स्वाभाविकच होते आणि त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण कोर्लईच्या घरात मराठी ही शाळेची, बाजाराची, कचेरीची भाषा. तिकडच्या एका आजींना मी विचारले, तेव्हा त्या मला समजावीत म्हणाल्या, “मराठी चर्चची, भाऊ. नो लिंग घरची.” पूर्वी चर्चची भाषा जुनी, प्रतिष्ठेची पोर्तुगीज होती आणि घरची बोली तिची लांबची का होईना नातेवाईक होती. आता ते नाते तुटले. भाषा क्षीण होण्याचे दोष मी एकट्या मिस्सेवर टाकणार नाही. शाळा आहे, मुंबईची नोकरी आहे, गावाबाहेरची सोयरीक आहे, टीव्ही आहे. तरीही ज्या सुधारणेचा उद्देशच माणसाने आपल्या बोलीत देवाशी बोलावे हा होता, त्या सुधारणेत या बोलीला जागा मिळाली नाही. आम्ही मराठी माणसेही या गोष्टीकडे मराठीचा विजय म्हणून पाहतो. व्याख्यानात मी कदाचित तसे म्हटलेही असते.

याच पट्ट्यात दुसरे एक उदाहरण आहे, ख्रिस्ती नव्हे, पण अगदी शेजारचे. बेने इस्राएल, आमच्याकडचे शनवार तेली. त्यांच्या परंपरेप्रमाणे जहाज फुटून त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले. रेवदंड्यात त्यांचे बेथ एल सिनेगॉग आहे. त्यांच्या घरचा मलिदा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना सांगायला नको: पोहे, गूळ, ओले खोबरे, वर सुका मेवा, भोवती फळे, आणि समोर एलियाहू हनाबीचे स्मरण. नवस फिटला, लग्न ठरले, नवे घर घेतले की मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला या प्रेषिताच्या रथाची खूण म्हणून एक खडक दाखवतात. बायबलमधल्या एलियाला कोकणातल्या गावात जागा मिळाली, आणि त्याच्या तबकात इथलेच पोहे पडले. मलिदा हा शब्द आमच्या मुसलमान शेजाऱ्यांच्या नियाजमध्येही आहे. कोणाकडून कोणाकडे गेला याचा वाद अभ्यासकांना घालू द्यावा. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. समुद्राची वाट बदलली, सणांच्या तारखा तिथल्या झाल्या, मुलांची मराठी गेली. मलिदा तिथेही होतो. तो टिकला त्याचे कारण मला तरी एवढेच दिसते की तो बाईच्या हाताखाली, परातीत, घरी होतो आणि त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही.

त्या शिक्षिकाबाईंना मी नंतर पत्र लिहिले. त्यांच्या चर्चमध्ये आता समई आहे का, असे विचारले होते. उत्तर आले की आहे, पितळेची, मोठी. नाताळला लावतात आणि तेल-वात करण्याची पाळी त्यांच्याच सुनेकडे असते. आजीची चिमणी त्यांनी जपून ठेवली आहे, पण ती चर्चमध्ये न्यावी असे त्यांना कधी वाटले नाही. ती घरचीच, असे त्यांनी लिहिले होते. व्याख्यानाचे टिपण अजून माझ्या फायलीत आहे. समईचा परिच्छेद खोडलेला नाही. पुन्हा कुठे बोलवले तर त्याच्या आधी कोर्लईची पाने घालावी लागतील, आणि ती लिहिण्यापूर्वी आणखी काही रविवार साळावचा पूल ओलांडावा लागेल.